तक्रारदार बाकावर, तज्ज्ञ खुर्चीवर

मास्तरांच्या कुलपाला हात घालणारा अजून जन्माला यायचा होता. निदान मास्तर तरी तसं रोज सांगत. चावी घासताना सांगत, चहा पिताना सांगत, आणि गिऱ्हाईक कंटाळून निघालं की त्याच्या पाठीला सांगत. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. पण चावी करायला आलेल्या माणसाला कुलपाचं पोट उघडून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. सायकलची चावी करायला गेलेला माणूस घरी परतायचा तो सात लिव्हरच्या कुलपाची इत्थंभूत माहिती घेऊनच. सायकलची चावी कधीकधी दुकानातच राहायची.

सात लिव्हरचं ते कुलूप मास्तरांनी स्वतः घडवलेलं होतं. लिव्हर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. सातही पट्ट्या नेमक्या उंचीवर उचलल्या गेल्या तरच कुलूप उघडणार, आणि चावी फिरवल्याशिवाय लागणारही नाही. तसं एकच कुलूप होतं, आणि ते त्यांनी आपल्या घराच्या दारावर लावलं होतं. जाहिरात म्हणून.

त्या दिवशी मास्तर आणि त्यांची बायको तिच्या बहिणीकडे जेवायला गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा कुलूप जसंच्या तसं लागलेलं होतं. मास्तरांनी ते अभिमानाने उघडलं. आतही सगळं जागच्या जागी होतं. फक्त खिडकीजवळच्या टेबलावर, जिथे बायकोचं शिलाई मशीन असायचं, तिथे धूळ नसलेला एक चौकोन होता.

"अहो, मशीन कुठाय?"

"कुठलं?"

"घरात किती मशीन आहेत?"

मास्तर टेबलाकडे न जाता उलटे दाराकडे गेले आणि कुलूप उजेडात धरून बघू लागले.

"मशीन गेलंय. कुलूप काय बघताय?"

"कुलूप लागलेलं होतं."

"मग?"

"मग चोरी झालेली नाही. तू ते दुरुस्तीला दिलं असशील. आठवून बघ."

बायको खुर्चीत बसली. दवाखान्यातल्या नर्सांचे गणवेश तिने कालच कापून ठेवले होते. त्या कापडाला चोराने हातही लावला नव्हता, उलट घडी जरा नीटच केली होती. सोमवारी सकाळी गणवेश द्यायचे होते. मेट्रनबाईंनी जुन्या शिंप्याशी वाईटपणा घेऊन हे काम तिला दिलं होतं. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"रडायला मला वेळ नाही," ती म्हणाली. "मी हातशिलाई सुरू करते. तुम्ही चौकीत जा. आणि कुलूप बरोबर न्या, मागतील ते."

मास्तर निघाले. बायकोचं मशीन परत यायला हवं होतं, यात शंका नव्हती. पण आपलं कुलूप उघडलं गेलं हे चौकीत एकदा लिहिलं गेलं की उद्या बाजारभर झालंच. वाटेत त्यांनी बेत पक्का केला. चोरीची तक्रार द्यायची, कुलपाचा विषय काढायचा नाही. आपण बोलण्यात कच्चे नाही, हा त्यांचा स्वतःबद्दलचा दुसरा गैरसमज होता.

चौकीत एक बाक होता, एक टेबल होतं, टेबलापुढे एक बरी खुर्ची होती आणि टेबलामागे हवालदार होते. हवालदार गाल तळहातावर ठेवून ऐकत, म्हणजे मानेला तेवढाच आराम. समोरच्या माणसाकडे ते सहसा बघत नसत. बघितलं की लक्षात राहतं, आणि लक्षात राहिलं की काम वाढतं.

"काय गेलं?"

"शिलाई मशीन. घरातून."

"दार फोडलं?"

"छे."

"खिडकी?"

"खिडकीला गज आहेत. मी स्वतः बसवलेत. एकेक गज खाली..."

"गज राहू द्या. कुलूप तोडलं?"

"कुलूप ठणठणीत आहे."

"मग तुम्ही लावायला विसरलात."

"मी? कुलूप?" मास्तरांना हे एखाद्या माशाला पोहायला विसरलास का विचारल्यासारखं वाटलं.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग चोर आत आला कसा?"

"तो मुद्दा गौण आहे."

"गौण?"

"मुख्य मुद्दा मशीन. कोण कसं आलं, यात आपण कशाला पडा."

"आम्ही पोलीस आहोत हो," हवालदार म्हणाले. ते रागावले नव्हते. रागवायलाही बळ लागतं. "आम्ही यातच पडतो. भिंतीतून आला असं लिहू का?"

"लिहा," मास्तर आशेने म्हणाले.

हवालदारांनी तसं काही लिहिलं नाही. कुलूप न तुटता चोरी झाली असेल तर तज्ज्ञाचं मत लागतं, त्याशिवाय साहेब तक्रारीला हात लावत नाहीत, असं सांगून त्यांनी टेबलाच्या काचेखालचा एक नंबर बघून फोन लावला. मास्तरांच्या खिशातला फोन वाजला.

"हॅलो," मास्तर म्हणाले.

"कुलूपवाले ना? चौकीतून बोलतोय. जरा यावं लागेल."

"मी आत्ता चौकीतच आहे."

"मग फारच छान. किती वेळात पोचाल?"

मास्तरांनी मधल्या टेबलाकडे बघितलं. "लगेच."

दोघांनी फोन ठेवले. "तज्ज्ञ येतायत," हवालदारांनी कळवलं, आणि मग नाइलाजाने मान वर करून बघितलं. "तुम्हीच का ते?"

"मीच. मागच्या महिन्यात तुमचं हे कपाट उघडून दिलं नव्हतं का?"

"अरे हो." हवालदारांनी बराच वेळ विचार केला. "एकच माणूस दोन्ही असायला तशी हरकत नाही. फक्त मिसळायचं नाही. तक्रारदार बाकावर बसतो, तज्ज्ञ खुर्चीवर. या, इकडे बसा."

मास्तर खुर्चीवर बसताच चहा आला. बाकावर ते इतका वेळ बसले होते, तिथे कोणी पाणीही विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि चावीच्या भोकात बघितलं. आत एक बारीक, लांब, वळणदार ओरखडा होता. तारेचा. इतका सफाईदार की मास्तरांना क्षणभर कौतुक वाटलं, आणि मग बाजार आठवला.

"काय मत?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "हे कुलूप चावीशिवाय उघडणं अशक्य आहे."

"वा. सुटलो." हवालदारांनी दोन ओळी लिहिल्या. "जरा बाकावर जा. हं. तर तक्रारदार, तुमच्याकडे चोरी झालेली नाही. तज्ज्ञांनीच तसं सांगितलंय. तुमची तक्रार निकाली."

"निकाली?" मास्तर बाकावरून ताडकन उठले. "बायकोचं मशीन गेलंय माझ्या. त्या तज्ज्ञाला काय अक्कल आहे?"

"मलाही जरा शंका होतीच," हवालदार म्हणाले. "पण ते तुम्ही त्यांनाच विचारा."

मास्तर पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. चहा निवत चालला होता. त्यांनी खूप विचार करून मतात एक दुरुस्ती सुचवली. अगदीच अशक्य नाही. या गावात एकच माणूस हे कुलूप तारेने उघडू शकतो.

"कोण?"

मास्तर गप्प बसले. आयुष्यात ते फार वेळा गप्प बसले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमलं नाही.

"उभे राहा," हवालदार म्हणाले.

"का?"

"संशयित बसत नाही." आणि त्यांनी कप उचलून घेतला. चहा तज्ज्ञांचा होता.

तेवढ्यात साहेब आले. साहेबांच्या चालण्यावरूनच कळत होतं की त्यांनी दिवसभर लोकांचं ऐकून घेतलंय आणि आता घरी जाऊन पुन्हा ऐकायचंच आहे.

"साहेब, शिलाई मशीनची केस आहे. तक्रारदार, तज्ज्ञ आणि संशयित, तिघेही हजर आहेत."

"इतक्या लवकर? शाबास," साहेब म्हणाले, आणि बाकी दोघं कुठे दिसतात का ते बघू लागले.

त्यांना हे समजावून सांगितलं जात असताना मास्तरांची बायको दारात येऊन उभी राहिली. इतका वेळ का लागतोय ते बघायला ती आली होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं टोपण काढायचंही तिला सुचलं नव्हतं. आपला नवरा उभा का आहे हे तिला सांगण्यात आलं. तिने फारसं आश्चर्य दाखवलं नाही.

"बाई, मशीनच्या आवाजाबद्दल हे कधी कुरकुर करायचे?" साहेबांनी विचारलं.

"रोज."

"हेतू सापडला," हवालदार लिहिता लिहिता म्हणाले.

"अगं," मास्तर म्हणाले.

"विचारलं तर सांगू नको? पण साहेब, हे नाही चोरणार. ते मशीन उचलायला कंबर लागते. यांना पाण्याची बादली उचलायची तर आधी दोनदा बसतात." नवऱ्याला असं निर्दोष ठरवून ती बाकावर बसली. "मला एवढंच सांगा. हे कुलूप कसं उघडतं ते यांनी ज्याला दाखवलं नाही, असा या बाजारात आहे का कोणी?"

"त्या तिसऱ्या लिव्हरचीच गोची आहे," हवालदार आपल्याच तंद्रीत म्हणाले. "ती जरा हळवी आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

"कपाट उघडायला आले होते तेव्हा दाखवलं, साहेब. तार वाकडी करायची आणि खालून..."

"खालून नाही, वरून." साहेबांनी सुस्कारा सोडला. "मला न्हाव्याकडे दाखवलं होतं. अर्धी दाढी झालेली, उठून जाताही येईना."

हवालदारांनी नवीन कागद घेतला. मग साहेबांनी मास्तरांना आणखी कोणाकोणाला दाखवलं ते सांगायला सांगितलं. मास्तरांनी न्हाव्यापासून सुरुवात केली. पोस्टमन आला, औषधवाला आला, बँकेचा पहारेकरी आला, आणि रस्ता विचारायला थांबलेला एक परगावचा माणूसही आला. हवालदारांचं मनगट भरून आलं. "आणि इतर, असं लिहिलं तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

"पण यात चोरीचा पुरावा कुठे आहे?" साहेब म्हणाले. "तज्ज्ञांचं मत तर उघडलंच नाही असं आहे."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. बायको मात्र बोटातल्या टोपणाकडे बघत होती.

"सोमवारी नाही दिले कपडे तर मेट्रनबाई मला पुन्हा विचारणार नाहीत," ती हळू म्हणाली. "तुमचं कुलूप भारी होतं का हलकं, त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही हो."

मास्तर कोणी न सांगताच येऊन बाकावर तिच्या शेजारी बसले.

"लिहा," ते म्हणाले. "माझं कुलूप उघडलं गेलं. तार घालून. आत ओरखडा आहे. मघाशी मी खोटं बोललो."

"हे तक्रारदार म्हणून सांगताय का तज्ज्ञ म्हणून?"

"दोघांच्याही वतीने."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मास्तर दुकानात मान खाली घालून चाव्या घासत होते. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे बघून हसतोय असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांतले बरेचजण खरंच हसत होते. अशात एक चष्मेवाला गृहस्थ दुकानाशी येऊन थांबला. आठवड्यापूर्वी तो बॅगेची चावी करून घ्यायला आला होता आणि सात लिव्हरचं सगळं निरूपण त्याने मध्ये एकदाही घड्याळ न बघता ऐकलं होतं. असा श्रोता मास्तरांना आजवर मिळाला नव्हता.

"सर, एक शंका होती."

शंका हा शब्द ऐकून मास्तरांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. "विचारा ना."

"उघडायला जमतं. पण परत लावताना तिसरी लिव्हर अडकते."

"कारण तार काढायची घाई करता तुम्ही." मास्तरांनी खडू घेतला आणि फळीवर सातही पट्ट्या काढल्या. "आधी चौथी खाली बसू द्यायची. ती बसली की तिसरी आपोआप येते. त्यानंतर तार. कळलं?"

"आत्ता कळलं सर. मी उगीच जोर करत होतो."

"जोर कशाला करायचा? कुलूप आहे, दगड ना..." मास्तरांचा खडू हवेत थांबला. हे कुलूप त्यांनी एकच घडवलं होतं आणि ते एकाच दारावर होतं. "परत लावताना म्हणालात?"

"हो."

"तुम्ही लावलंत परत?"

"उघडं टाकून कसं जायचं सर? कोणीही आत शिरलं असतं."

आता मास्तरांनी आरडाओरडा करायला हवा होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "किती वेळ लागला?"

"अख्खी दुपार गेली सर. मध्ये दोनदा सोडून देणार होतो. असं कुलूप मी कुठे बघितलं नाही."

मास्तरांचा ऊर भरून आला. मग घरी खिडकीजवळ बसून हाताने बाह्या जोडणारी बायको त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि भरून आलेला ऊर जागच्या जागी रिकामा झाला. "बसा, आलोच," असं म्हणून ते बाहेर आले. दुकानाचं जाळीचं दार ओढून त्यांनी त्याला भक्कम कुलूप घातलं आणि चौकीत फोन केला.

"चोर सापडलाय. दुकानात कोंडलाय."

"छान," हवालदार म्हणाले. "कशाने कोंडलाय?"

"कुलूप लावलंय."

"कोणी बनवलेलं?" हवालदारांनी विचारलं.

मास्तरांनी मागे वळून बघितलं. चष्मेवाला जाळीतून हात बाहेर काढून काम संपवत होता. "सर, हे तर पटकन झालं," तो बाहेर येत म्हणाला. "हात बसला आता."

मास्तरांना पळता येत नव्हतं, मारामारी येत नव्हती. त्यांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी फोन खिशात टाकला.

"बेडीचं कुलूप कधी बघितलंय?"

"हातकडीचं?" चष्म्यामागचे डोळे मोठे झाले. "नाही हो सर. बघायला कुठे मिळतं."

"मग चला."

दोघं बाजारातून चालत चौकीत गेले. मास्तरांची हत्यारांची पिशवी आदराने विद्यार्थ्यानेच धरली होती. चौकीत मास्तर थेट खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी तज्ज्ञ म्हणून हवालदारांकडे एक हातकडी मागितली. आतली दातेरी पट्टी दाखवली, ती एका बाजूला सरकते आणि उलटी का सरकत नाही ते सांगितलं. मग अनुभवाशिवाय खरं ज्ञान होत नाही म्हणून ती विद्यार्थ्याच्या मनगटांवर चढवली.

"आता उघडून बघा."

विद्यार्थ्याने बराच वेळ खटपट केली. "नाही जमत. आता काय करायचं सर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सगळं जिभेच्या टोकावर होतं. किती सोपं होतं ते, आणि समोरचा किती जीव ओतून ऐकत होता. साहेब आणि हवालदारही नकळत पुढे झुकले होते. मास्तरांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि तोंड मिटलं. धडा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अर्धा सोडला.

"पुढचं नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"ते कोर्ट सांगेल," साहेब म्हणाले, पण जरा निराशेनेच.

मशीन चष्मेवाल्याच्या पलंगाखाली मिळालं. पुसून, तेल घालून ठेवलेलं होतं. ते चौकीत आलं तशी मास्तरांची बायको रिक्षा घेऊनच पोचली. आणि तिथे नवीन अडचण निघाली. मशीन आता मशीन राहिलं नव्हतं, तो मुद्देमाल झाला होता. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय चौकीबाहेर जात नाही.

"हुकूम कधी मिळेल?"

"मिळतो," हवालदार म्हणाले. "कधी ना कधी."

बायकोने मशीनकडे बघितलं. मग बाकाकडे बघितलं. "बाहेर नेता येत नाही ना? आत बसून चालवायला काही हरकत?"

साहेबांनी पुष्कळ आठवून बघितलं, पण अशी मनाई कुठे वाचल्याचं त्यांना आठवेना. त्यामुळे शनिवारची संध्याकाळ आणि रविवारचा आख्खा दिवस चौकीत मशीन खडखडत राहिलं. मास्तर तक्रारदाराच्या बाकावर बसून काज आणि बटणं सांभाळत होते. दर थोड्या वेळाने साहेब आतून विचारत, "किती राहिलेत अजून?" या आवाजात माणूस रोज कसा राहतो, असंही त्यांनी एकदा मास्तरांना विचारलं. मास्तर आजवर जे बोलले त्यातलं एवढं एकच कोणाला तरी मनापासून पटलं होतं. तक्रार द्यायला आलेल्या दोन माणसांनी चौकी चुकली असं समजून माघार घेतली. हवालदारांची पँट मात्र खाली उसवलेली होती, ती शिवून मिळाली.

सोमवारी सकाळी गणवेश दवाखान्यात गेले. मेट्रनबाईंनी एकेक शिवण उलटून बघितली, आणि पुढच्या महिन्याचं कापडही देऊन टाकलं.

संध्याकाळी मास्तर दुकानातून घरी आले तर दारावर नवीन कुलूप. त्यांच्या हातचं नव्हतं. काळं, ठोकळ्यासारखं, हार्डवेअरच्या दुकानात दोऱ्याला लटकलेलं असतं तसलं. बायको अजून आली नव्हती. मास्तर पायरीवर बसले, उठले, कुलपाच्या भोकात बघितलं, पुन्हा बसले. ती आली तेव्हा त्यांनी चेहरा शक्य तितका सहज ठेवला.

"यात लिव्हर किती आहेत ग?"

"मी दुकानदाराला विचारलं," ती पिशवीतून किल्ली काढत म्हणाली. "म्हटलं, आत काय आहे, उघडतं कसं, समजावून सांगाल का, असं कोणी विचारलं तर? तर तो म्हणाला, मला काय माहीत बाई, मी नुसता विकतो."

"मग?"

"मग लगेच घेतलं."